धोटा, धागा आणि जात : मुंबईच्या गिरणीपासून भिवंडीच्या गोदामापर्यंत

भिवंडीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. तो महामार्गालगतच्या एका गोदामात ठेकेदाराकडे कामाला आहे. हातात स्कॅनर असतो, तासाला किती पार्सलं उचलली याचा हिशोब स्क्रीनवर दिसतो आणि मागे पडलं की सुपरवायझर येतो. तो म्हणाला, "दादा, बाबासाहेब यंत्राच्या बाजूने होते असं तुम्ही सांगता. आमच्या गोदामात उद्या पट्टे आणि रोबो येणार आहेत. आम्ही काय करायचं? हार घेऊन उभं राहायचं?" वर्गात हशा पिकला. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिलं ते पाठ केलेलं होतं आणि आमचं आम्हालाच पटलं नाही. म्हणून हा लेख.

आधी बाबासाहेब काय म्हणाले ते नीट समजून घेऊ. कारण त्यांच्या नावावर दोन्ही बाजूंनी वाटेल ते खपवलं जातं. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीचे तुकडे जोडून दारिद्र्य जाणार नाही, शेतीवर लादलेली जादा माणसं उद्योगात गेली पाहिजेत, औद्योगिकीकरण हाच त्या आजारावरचा उपाय, असं त्यांनी त्यात मांडलं. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशोब मांडताना त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्रयुगात अनर्थ झाले हे त्यांनी नाकारलं नाही. पण दोष यंत्राचा नसून यंत्राचा नफा मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांचं उत्तर होतं. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून फुरसत देऊ शकतं ते यंत्रच, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. चरख्याकडे परत चला म्हणणं म्हणजे बहुसंख्यांना पुन्हा घाम गाळायला पाठवणं. ज्यांच्या पूर्वजांना येसकराची काठी आणि मेलेलं ढोर यांखेरीज गावाने काही दिलं नाही, त्यांना 'जुनं ते सोनं' हे गाणं गोड लागणार तरी कसं?

इथपर्यंत आपले बहुतेक वक्ते येतात आणि थांबतात. खरा प्रश्न याच्या पुढे आहे. यंत्र आलं, कारखाना आला, मग जात का गेली नाही?

ती जाईल असं भल्याभल्यांना वाटलं होतं. कार्ल मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिलं की रेल्वेतून उभा राहणारा आधुनिक उद्योग भारतातली वंशपरंपरागत श्रमविभागणी, म्हणजे जातीचा पाया, विरघळवून टाकेल. दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. म्हणजे प्रयोगशाळा लगेच तयार झाली. कोकणातून, घाटावरून माणसं आली. महार, मराठा, मुसलमान एकाच भोंग्यावर गिरणीत शिरू लागले, एकाच इंजिनाच्या पट्ट्यावर राबू लागले. जात विरघळली का? ती खात्याखात्यांत वाटली गेली.

हे कसं घडलं ते समजायचं तर धोटा समजून घ्यावा लागेल. मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारं होडीसारखं लाकडी साधन म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर मागाला थांबवतो, नवी कांडी घालतो आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतो. घाईच्या कामात ते काढायची सोपी रीत म्हणजे छिद्राला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. हाच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणाले. एवढ्या कारणावर मुंबईच्या गिरण्यांतलं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद झालं. आणि विणकाम खातं म्हणजे गिरणीतलं बरा पगार देणारं खातं. आपल्या माणसांच्या वाट्याला आलं ते कताईचं खातं, कमी पगाराचं. ज्यांच्या घामावर सूत निघत होतं, त्यांना त्याच सुताचं कापड विणायला बंदी होती.

याला आणखी एक कडवट बाजू आहे. विदर्भातले महार पिढ्यानपिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत होते. विणणं त्यांना परकं नव्हतं. गिरणीच्या स्वस्त कापडाने तो धंदा खाल्ला. म्हणजे जुन्या पद्धतीत विणकर असलेला समाज नव्या पद्धतीत विणायला अपात्र ठरला, तोही हातात कसब नव्हतं म्हणून नव्हे, थुंकी विटाळाची होती म्हणून.

आता जगाकडे बघा. तोंडाने धागा ओढण्याची ही पद्धत मुंबईची खास नव्हती. इंग्लंडात, अमेरिकेत तीच होती, आणि तिथेही ती घाणेरडीच होती. क्षयासारखे रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातील ही भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा बनत होते. लँकेशायरचे मालक मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्यालाच चिकटून राहिले. सांगायचा मुद्दा असा की ही अडचण यंत्राची होती आणि तिच्यावर यंत्राचाच साधासोपा तोडगा उपलब्ध होता. धोटा बदला, विटाळाचा बहाणा संपला. पण मुंबईत कुणाला तो संपवायचाच नव्हता. मालकांना कामगार दुभंगलेले हवे होते. सवर्ण कामगारांना चांगल्या खात्याची मक्तेदारी हवी होती. तोंडाचा प्रश्न हा पोटाचाच प्रश्न होता, फक्त त्याला सोवळं नेसवलेलं होतं.

१९२८ चा संप आठवा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. लाल बावट्याचे पुढारी कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलत होते. बाबासाहेबांनी त्यांना साधा सवाल केला : आमच्या लोकांना विणकाम खात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? नसेल तर आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगावं लागेल. पुढाऱ्यांनी नाखुषीने ती मागणी घातली. मालकांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं : हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि बिचाऱ्या मालकांचं म्हणणं निम्मं खरंही होतं! दार मालकाच्या कारखान्याचं, पण त्याला आतून कडी घालून उभा होता तो कामगारच. दुसऱ्या वर्षी पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आजही काही डावे मित्र त्याबद्दल नाक मुरडतात. त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की आधी धोट्याबद्दल बोला, मग संपाबद्दल बोलू.

या अनुभवातून बाबासाहेबांनी जो सिद्धांत काढला तो १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त आहे. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, त्यातही एकावर एक रचलेली. पण त्याच्या पुढचा मुद्दा आपण फारसा वाचत नाही, आणि आजच्या तरुणासाठी तोच महत्त्वाचा आहे. आधुनिक उद्योग कधी स्थिर नसतो. आज एक यंत्र, उद्या दुसरं. एक धंदा बसतो, दुसरा उभा राहतो. अशा वेळी माणसाला धंदा बदलायची मोकळीक हवी. जात ती मोकळीक नाकारते, म्हणून जात ही बेकारीचं थेट कारण बनते. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखी उत्पादनाची आधुनिक पद्धत आणि जात यांचं मुळातच वाकडं आहे. पण वाकडं असलं म्हणून एकाने दुसऱ्याला आपोआप संपवलं असं होत नाही. गिरणीने जातीला संपवलं नाही, जातीने गिरणीला वाकवलं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागे धोट्याचा हा इतिहास उभा होता.

आता भिवंडीकडे येऊ.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव. १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर याच रस्त्याने दक्षिणेकडे सरकले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीपर्यंत आले. आधी हातमाग होते. १९३० च्या दशकाच्या आगेमागे वीज आली तसे यंत्रमाग आले. पुढे तेलंगणातला पद्मशाली समाज आला, त्यांचं पद्मानगर आजही आहे. कापडाचं आणि या टापूचं नातं खरं तर फार जुनं. नाशिकच्या लेण्यांत, लेणी क्रमांक १० मध्ये, उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्खू संघासाठी ३००० कार्षापण ठेवले ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, त्यातले २००० दरमहा शेकडा एक दराने. त्या व्याजातून भिक्खूंना चीवर मिळायचं. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेकडे ठेव ठेवतो, एवढी त्या विणकरांची पत होती. आजच्या भिवंडीतल्या विणकराला कोणती बँक दारात उभं करते ते विचारून बघा.

भिवंडीचा खरा स्फोट झाला तो मुंबईच्या गिरण्या पडल्या तेव्हा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, तो विरत गेला. पण देशातल्या कापडाचा तुटवडा पडला का? नाही. कारण गिरणीमालक भिवंडीतून कापड विणून घेत होते. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीच्या गाळ्यांत येऊन पुन्हा खडखडू लागले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागाला गिरणीच्या बरोबरीने मान्यता दिली. आज भिवंडीत पाच-सहा लाख माग असल्याचा अंदाज सांगितला जातो.

उत्पादनपद्धती म्हणून याकडे नीट बघितलं पाहिजे. गिरणीत कापूस आत जायचा आणि कापड बाहेर यायचं. सगळं एका छपराखाली, एका मालकाचं. भिवंडीत ती साखळी तोडून गावभर पसरली. सूत व्यापाऱ्याचं, साइझिंग दुसऱ्याचं, माग तिसऱ्याचे, कांड्या भरणारी चौथी, विणणारा पाचवा. मागमालक मीटरमागे मजुरी घेऊन विणून देतो, कापड त्याचं नसतंच. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं याला लवचिक उत्पादन म्हणतात. फायदे आहेत, नाकारून चालणार नाही. थोड्या भांडवलात माणूस मालक होऊ शकतो. कालचा विणकर चार माग भाड्याने घेऊन शेठ झाल्याची उदाहरणं भिवंडीच्या गल्लीगल्लीत सापडतील. मागणी बदलली की कापडाची जात चटकन बदलता येते. गिरणीला हे जमत नव्हतं.

पण ही लवचिकता येते कुठून? विणकराच्या कमरेतून. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. पगार नाही, मीटरवर मजुरी. मंदी आली की व्यापारी सूत देणं थांबवतो, मालक माग थांबवतो, विणकर बिशीत उधारीवर जेवतो किंवा गावाची गाडी पकडतो. मागाचा आवाज इतका की जुना विणकर घरातही ओरडून बोलतो. सुताची धूळ छातीत जाते ती वेगळीच.

इथे कायद्याची गंमत बघा. मजूर खात्याचे मंत्री असताना बाबासाहेबांनी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ मध्ये करून घेतला. १९४८ च्या कारखाना अधिनियमात तेच ४८ तास कायम राहिले, जादा कामाला दुप्पट दर ठरला. पण त्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच तो कारखाना मानला जायचा. नऊ असतील तर? तर बाबासाहेबांचे ४८ तास दाराबाहेर. म्हणून एकाच छपराखालचे माग बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर वाटले जातात. मधे एक भिंत उभी राहते, दोन मीटर बसतात आणि एका कारखान्याचे दोन 'अ-कारखाने' होतात. त्याच अधिनियमाचं कलम ८५ सांगायचं की संख्या कमी असली तरी राज्य सरकार अधिसूचना काढून कायदा लागू करू शकतं. ते कलम वापरा म्हणून ओरडायचं सोडून २०२० च्या नव्या संहितेने मर्यादा दहावरून वीसवर नेली. श्रमिकांची विभागणी फक्त जातीने होत नाही, ती भिंतीने आणि मीटरनेही होते.

जपानचं उदाहरण इथे देण्याचा मोह आवरत नाही. जगभर ज्या टोयोटा पद्धतीचे गोडवे गायले जातात तिचा जन्म मोटारीत झाला नाही, मागात झाला. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना बघत मोठा झाला. १८९६ साली त्याने जो यंत्रमाग केला त्यात आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२४ च्या त्याच्या मागावर धोटा बदलायलाही माग थांबवावा लागत नव्हता. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. होय, मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारे तेच प्लॅट. कल्पना साधी होती : चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावं, माणसाने पहारेकरी बनून त्याच्यासमोर उभं राहू नये. आता भिवंडी बघा. १ एप्रिल २०१७ ला केंद्र सरकारने यंत्रमागांसाठीची योजना भिवंडीत येऊन जाहीर केली. त्यात साध्या मागाला अनुदानातून जे जोड बसवायचे होते त्यातला एक कोणता? धागा तुटला की माग थांबवणारा. म्हणजे १८९६ चा विचार १२१ वर्षांनी अनुदान घेऊन आला. इतकी वर्षं का लागली? कारण जिथे माणूस स्वस्त असतो तिथे यंत्र सुधारायची गरज कुणालाच भासत नाही. आणि आपल्या देशात माणूस स्वस्त ठेवण्याची सगळ्यात जुनी, सगळ्यात खात्रीची व्यवस्था कोणती, हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको.

भिवंडीच्या विणकराविषयी आपल्या चळवळीत एक अंतर आहे, तेही बोललं पाहिजे. आपण त्याला 'मुसलमान' म्हणून बघतो आणि पुढे जातो. मोमीन म्हणजे जुलाहा. कबीर कोणाच्या घरात वाढला? बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुल्यांसोबत ज्याला गुरू मानलं, ज्याच्या पंथात त्यांचं घराणं होतं, तो कबीर मागावरच बसायचा. मुसलमानांतल्या अशराफ-अजलाफ भेदाबद्दल बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात लिहिलं, त्यात खालच्या मानलेल्यांच्या यादीत जुलाहा आहे. आसिम बिहारींच्या मोमीन चळवळीने उच्चकुलीन पुढारीपणाला आव्हान दिलं आणि मोमीन कॉन्फरन्सने पाकिस्तानच्या मागणीलाही विरोध केला. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? १९७० आणि १९८४, दोन्ही दंगलींत भिवंडी जळाली. दंगलीत माग जळतो तेव्हा व्यापाऱ्याचं सूत जातं, शेठचं यंत्र जातं, आणि ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्या विणकराचं काय गेलं याचा पंचनामा होत नाही.

मग गोदामं आली. जकात चुकवण्याच्या हिशोबाने मुंबईच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, मानकोली या पट्ट्यात पत्र्याची शेडं उभी राहिली. जुलै २०१७ पासून जीएसटी लागला, राज्याराज्यांतली छोटी गोदामं मोडून मोठी बांधण्याचा धंदा तेजीत आला. इथे काही बनत नाही असं म्हणतात. ते अर्धवट खरं आहे. आजच्या उत्पादनपद्धतीत माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच आणायचा, हे तत्त्व आहे. ते पाळायचं तर कुणीतरी रात्री दोन वाजता माल उतरवायला जागं लागतं. फोर्डने १९१३ साली फिरता पट्टा आणला तेव्हा मोटारीचा सांगाडा जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला, पण कंटाळून कामगार एवढे सोडून जायचे की पुढच्या वर्षी त्याला दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी द्यावी लागली. भिवंडीत पट्टा आला, स्कॅनर आला. पाच डॉलर राहू द्या, आठ तासांची पाळी कुठे आहे? सोडून जाणाऱ्याच्या जागी दहा जण गेटवर उभे असतात. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात आहे, तरी आमच्या ओळखीतली बहुतेक पोरं ठेकेदाराच्या कागदावर आहेत, आणि कित्येकांकडे तोही कागद नाही.

एक फरक मात्र झाला आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. स्कॅनरला विटाळ होत नाही. गोदामात आमच्या पोराच्या हातून पार्सल घेताना कुणी जात विचारत नाही. धोट्यावर जी लढाई बाबासाहेबांना करावी लागली ती या पोराला करावी लागत नाही, आणि ज्यांच्या आज्याने ती सोसली त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. पण गोदामाच्या आत बघा : संगणकापुढे कोण बसतं, ठेका कुणाचा, जमीन कुणाची, आणि पाठीवर गोणी कोणाच्या? खाती अजून आहेत. फक्त दारावरची पाटी काढलेली आहे.

तर त्या तरुणाला आमचं उत्तर. रोबोला हार घालायची गरज नाही आणि दगड मारायचीही नाही. गोणी उचलायचं काम यंत्राने केलं तर बरंच आहे, ते काम आपल्या पाठीचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. भांडण वेगळं आहे. यंत्र आलं की त्यावर काम करायचं प्रशिक्षण कुणाला मिळणार? १९२८ ला विणकाम खातं मागितलं तसं २०२० नंतरच्या या दशकात यंत्र चालवण्याचं, दुरुस्तीचं, प्रोग्रॅमिंगचं खातं मागायचं, आणि ते मागणीपत्रात पहिल्या पाचांत घालायचं, शेवटी नाही. वाचलेले तास कुणाच्या खात्यात जमा होणार, हा दुसरा सवाल. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिताना बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची तरतूद घटनेतच घाला असं सुचवलं होतं, कारण पोटासाठी मालकाच्या तोंडाकडे बघणाऱ्याला मूलभूत हक्क वापरता येत नाहीत हे त्यांना गिरणगावात दिसलं होतं. ती तरतूद घटनेत आली नाही. तिच्यावर पुन्हा बोलायची वेळ आली आहे, आणि बोलताना शेजारच्या गल्लीतला मोमीन विणकर खुर्चीवर आपल्या बाजूला बसलेला हवा.

पुढच्या रविवारी वर्ग आहे. येताना प्रत्येकाने नेमणुकीचा कागद आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणाव्यात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी तसंच यावं, त्यांची यादी आधी करायची आहे.